घर देताना: लीज की लायसन्स?

फ्लॅट भाड्याने देतो आहेस, तर सही करण्याआधी दोन शब्द नीट समजून घे: लीज आणि लायसन्स. बोलताना आपण दोन्हींना ‘भाड्याने देणं’च म्हणतो. कायद्यात मात्र त्यांच्यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

लीज दिलंस की मालमत्ता उपभोगण्याचा हक्कच ठरावीक मुदतीसाठी दुसऱ्याकडे जातो. तो भाडेकरू होतो, आणि भाडेकरूला कायद्याचं संरक्षण असतं. लायसन्स ही नुसती राहण्याची परवानगी. घरातला कुठलाही हक्क त्यात दिला जात नाही.

मुंबईतले जुने घरमालक या शब्दांना इतके का जपतात, ठाऊक आहे? १ फेब्रुवारी १९७३ रोजी ज्यांचं लायसन्स चालू होतं, त्यांना मुंबई भाडे कायद्यातल्या दुरुस्तीने भाडेकरूचा दर्जा मिळाला. तो धसका घराघरांत अजून आहे.

आता गाठीशी बांधायच्या गोष्टी.

करारात ‘लायसन्स फी’, ‘लायसन्सी’ हेच शब्द ठेव. मध्येच ‘भाडं’, ‘भाडेकरू’ येऊ देऊ नकोस. पण नुसत्या मथळ्यावर विसंबू नकोस. असोसिएटेड हॉटेल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्येच सांगितलंय की कागदावरच्या नावापेक्षा दोघांचा खरा हेतू महत्त्वाचा. म्हणून अटीही परवानगीला साजेशाच हव्यात.

‘अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही’ असं कुणी सांगेल, ऐकू नकोस. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लीज असो की लायसन्स, करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसली आणि वाद झाला, तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं आधी धरलं जातं. ते खोडून काढणं तुझ्यावर येतं. शिवाय ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

मुदत तोंडी वाढवू नकोस, नवा करार कर. राहण्यासाठी दिलेल्या घराची मुदत संपूनही लायसन्सी हलला नाही, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, आणि लायसन्सीला फीच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते.

हा फरक राहायला येणाऱ्यालाही मोकळेपणाने सांग. त्याच्याही डोक्यावरच्या छपराचा प्रश्न आहे. दोघांनी समोरासमोर बसून करार वाचा, आणि मगच सह्या करा.