भातखाचरातील तीन कृमी आणि त्यांची देहगुहा

तंजावर हा कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील भाताचा जिल्हा. येथील आडुदुरै गावी १९२२ पासून भातसंशोधन चालू आहे. खाचर, बांध आणि बांधावर चरणारे जनावर एवढ्या परिसरात प्राणिशास्त्राचा एक संपूर्ण पाठ सामावलेला आहे. भाताच्या मुळात सूत्रकृमी, बांधाच्या मातीत गांडूळ आणि जनावराच्या यकृतात चपटा यकृतकृमी. बोलीभाषेत तिन्ही ‘किडे’च, त्यामुळे उपायही सरसकट योजले जातात.

तिघेही द्विपार्श्व सममित व त्रिस्तरीय प्राणी आहेत. फरक आहे तो देहगुहेचा, म्हणजे आतडे व शरीरभित्ती यांच्यामधील द्रवयुक्त पोकळीचा. यकृतकृमीला ती नसते. मधली जागा पेशींनी भरलेली असते. रक्ताभिसरण संस्थाही नसल्याने प्राणवायू व अन्न पेशीपेशींतून झिरपतच पोचावे लागते. शरीर पानासारखे पातळ आणि आतडे शाखायुक्त असते, ते यामुळेच.

सूत्रकृमीची देहगुहा फसवी असते. तिच्या बाहेरच्या अंगाला स्नायूंचे अस्तर असते, आतड्याच्या अंगाला नसते. आतील द्रव दाबाखाली असून स्नायू केवळ उभे असतात, म्हणून हा कृमी आखडत-फुगत नाही, नागमोडी वळवळतो. भातमुळातील हिर्शमॅनिएला ओरायझी हा असाच, जेमतेम दीड मिलिमीटरचा. तोंडातील सुईने पेशी भेदत तो मुळात फिरतो आणि मागे पोकळ्या ठेवतो. पाणी साचलेल्या खाचरातही तो तग धरतो. पीक पिवळे पडून खुंटते; ती नत्राची उणीव समजून युरिया टाकला जातो.

गांडुळाची देहगुहा सत्य असते; दोन्ही अंगांना अस्तर आणि वलयावलयांत पडदे. प्रत्येक वलय स्वतंत्रपणे लांब वा जाड होऊ शकते, म्हणूनच हाडे नसलेला हा जीव घट्ट माती फोडत जातो.

देहगुहेवरून नातेसंबंध मात्र ठरवू नयेत. १९९७ मधील जनुकीय अभ्यासाने कात टाकणारे सूत्रकृमी कीटकांच्या गटात नेऊन बसवले. गांडूळ व चपटे कृमी वेगळ्या शाखेत राहिले. जुनी पाठ्यपुस्तके पोकळीवरून जी चढती शिडी दाखवत, ती वंशावळ म्हणून टिकली नाही. प्राणी हालतो कसा, जगतो कसा, हे समजण्यासाठी देहगुहेचे वर्गीकरण अजूनही उपयोगाचे आहे.

औषधांचा हिशेब याहून वेगळा असतो. कार्बोफ्युरान मज्जासंस्थेतील ज्या विकरावर आघात करते, ते सूत्रकृमी व गांडूळ या दोघांतही असते. ते गांडुळांस अत्यंत विषारी आहे. याउलट, गोल जंतांचे स्नायू लुळे पाडणारे लेव्हामिसोल यकृतकृमीवर चालत नाही. औषध पाजूनही पाणथळ गवतावर चरणारी गाय खंगतच राहिली, तर प्रथम याचा विचार व्हावा.

निदानासाठी पिवळ्या पडलेल्या धानाची मुळे मातीसह ओलसर स्थितीत सूत्रकृमी तपासणीस पाठवावीत. जनावराच्या शेणाची तपासणी करताना तरंगण पद्धतीवर थांबू नये. गोल जंतांची अंडी मिठाच्या द्रावणात तरंगतात, यकृतकृमीची जड अंडी तळाशी बसतात. नमुन्यासोबत ‘गाळ बसवूनही तपासावे’ अशी चिठ्ठी जोडावी.