शिवारफेरीसाठी घडीचा चाकू : निवड, वापर आणि स्वच्छता

कीड-रोग सर्वेक्षणाच्या साहित्याची यादी करताना भिंग, नमुन्यांच्या पिशव्या, कामगंध सापळे आणि नोंदवही यांचा उल्लेख हटकून होतो. चाकूचा क्वचितच होतो. वास्तविक खोडात किंवा बोंडात दडलेली कीड पात्याशिवाय दिसत नाही. खिशातील चाकू बोथट असेल, तर खोड चिरण्याऐवजी चेचले जाते, आतील अळी नष्ट होते आणि फवारणीचा निर्णय अंदाजावर घ्यावा लागतो.

दुर्ग-भिलाईपासून राजनांदगावमार्गे गोंदिया-भंडाऱ्यापर्यंत पसरलेला पट्टा भाताचा आहे. येथे खोडकिडा आणि गादमाशी (छत्तीसगढीत ‘गंगई’) या दोन्ही किडी खोडाच्या आत राहतात. गाभेमर झालेला फुटवा उभा चिरल्यास खोडकिड्याची अळी किंवा तिने पोखरलेला मार्ग व विष्ठा दिसते. गादमाशीचा चंदेरी पोंगा मात्र कांद्याच्या पातीसारखा पोकळ असतो. लोंबी पांढरी पडल्यावर तर हा तपास अधिकच महत्त्वाचा ठरतो. खोडकिड्याची पळिंज ओढताच सहज निघून येते व तिचे बूड कुरतडलेले असते. मानमोडीत लोंबीच्या मानेवर काळपट डाग असतो आणि खोडात अळी नसते. मानमोडी हा बुरशीजन्य करपा असल्याने त्यावर कीटकनाशक फवारणे म्हणजे पैसा पाण्यात घालणे होय. दोन मिनिटांच्या या तपासणीला धारदार, टोकदार आणि बारीक पाते लागते.

पश्चिमेकडे वर्धा-यवतमाळच्या शिवारात कापूस सुरू होतो आणि चाकूचे काम बदलते. गुलाबी बोंडअळी बोंडात शिरल्यानंतर प्रवेशाचे छिद्र बुजून जाते. त्यामुळे वरून निरोगी दिसणारे बोंडही किडलेले असू शकते. म्हणूनच एकरी २० हिरवी बोंडे यादृच्छिक पद्धतीने तोडून फोडावीत, अशी शिफारस आहे. त्यांपैकी २ बोंडांत जिवंत अळ्या आढळल्यास प्रादुर्भाव १० टक्के, म्हणजेच आर्थिक नुकसानीच्या पातळीवर आहे असे समजावे. बोंड आडवे कापू नये. पाकळ्यांच्या शिवणीवर उथळ चीर द्यावी आणि पाते किंचित फिरवून बोंड उकलावे. लहान अळी पांढुरकी असते, ती रुईत सहज नजरेतून निसटते. म्हणून सरकीही पाहावी. बोंड तळहातावर धरून चिरण्याची सवय मात्र सोडावी. वीस बोंडांत एकदा तरी पाते घसरतेच. लाकडाची लहान फळी पिशवीत ठेवल्यास हा धोका टळतो.

या दोन्ही कामांसाठी ७ ते ९ सें.मी. लांबीचे, सुमारे २ मि.मी. जाडीचे सरळ धारेचे पाते पुरेसे आहे. करवतीसारखे दाते असलेले पाते घेऊ नये; ते खोड फाडते आणि निसण्यावर धार लावता येत नाही. ऊस तोडणे, फांद्या छाटणे ही कामे कोयत्याची व कात्रीची आहेत. घडीच्या चाकूवर तेवढा जोर दिला की बिजागरी ढिली होते. कलमे बांधण्याचा चाकूही वेगळाच ठेवावा.

पोलादाविषयी दुकानांत बरेच गैरसमज विकले जातात. पात्यावर ‘स्टेनलेस’ असा शिक्का असला, तरी त्यातून केवळ गंज कमी लागेल एवढेच समजते. धार टिकेल की नाही हे समजत नाही. ताट-वाट्यांसाठी वापरले जाणारे १८-८ प्रतीचे पोलादही स्टेनलेसच आहे, परंतु त्यात कार्बन अत्यल्प असल्याने पाणी देऊन ते कठीण करता येत नाही. भिलाईत कोणी ‘इथलेच पोलाद’ म्हणून पाते पुढे केले, तर कशाचे, हे विचारावे. येथील कारखान्यात रूळही होतात आणि जाड पत्रेही. रुळाच्या पोलादात साधारण ०.६ ते ०.८ टक्के कार्बन असतो आणि ते पाणी धरते; बांधकामाच्या पत्र्याचे पाते चार दिवसांत बोथट होते. लोहाराने ट्रकच्या कमानपाट्यापासून घडवलेले पाते धारेला उत्तम असते. परंतु भाताच्या चिखलात आणि टोमॅटोच्या आंबट रसात ते लवकर गंजते. त्यामुळे रोजच्या शिवारफेरीला पाणी दिलेले स्टेनलेस पातेच मी सुचवेन. धार निसण्यावर सुमारे २० अंशांच्या कोनात लावावी. फिरत्या धारवाल्याच्या चाकावर पाते निळे पडेपर्यंत तापले, तर त्याचे पाणी उतरते.

बोटांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे पाते उघडे अडवून ठेवणारी कळ. जुन्या पद्धतीच्या चाकूत पाते केवळ स्प्रिंगच्या दाबावर उभे असते. टोकाने टोचताना ते बोटांवर मिटू शकते. फ्रान्समधील ओपिनेल चाकूला १९५५ पासून फिरते कडे आहे. रचना साधी आणि भरवशाची, पण लाकडी मूठ पाण्याने फुगली की पाते अडते. चिखलात उतरणाऱ्याने प्लॅस्टिकची वा धातूची, आतून धुता येईल अशी मूठ निवडावी. खरेदी करताना पाते उघडून डावी-उजवीकडे हलवून पाहावे. मिटण्याच्या वाटेत बोटे येणार नाहीत असे धरून पात्याच्या पाठीवर हलका दाब द्यावा. कळ सुटली तर चाकू परत करावा. मुठीचा रंग लाल किंवा नारिंगी असावा. काळ्या-हिरव्या मुठीचे चाकू आजवर भातखाचरांनी किती गिळले असतील, याची गणतीच नाही!

आता या चाकूची एक मर्यादा. धमधा भागातील टोमॅटोत जिवाणूजन्य मर ओळखण्यासाठी खोडाचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात धरतात. काही मिनिटांत दुधाळ धागा उतरला की निदान होते. हाच स्राव घडीच्या चाकूच्या खाचेत आणि बिजागरीत शिरतो आणि वरवर पुसून निघत नाही. पुढच्या शेतात निरोगी झाडाला तेच पाते लागले, तर निदान करणाराच रोगाचा वाहक ठरतो. अशा नमुन्यांसाठी अखंड पात्याचा स्वतंत्र चाकू किंवा टाकून देण्याजोगे ब्लेड वापरावे. जिवाणूंसाठी पाते आधी माती-रस पुसून स्वच्छ करावे, मग ७० टक्के अल्कोहोलने ओले करून मिनिटभर थांबावे. टोमॅटो मोझेक विषाणूवर अल्कोहोल भरवशाचे नाही. तेथे ट्रायसोडियम फॉस्फेटचे १० टक्के द्रावण हातमोजे घालून वापरावे. ब्लीचिंगच्या द्रावणाने पाते गंजते, आणि ज्योतीवर धरल्यास पाणी उतरते.

कीटकनाशकाची पाकिटे कापलेल्या चाकूने बांधावर बसून पेरू कापणारे अजूनही भेटतात. पाकिटांसाठी कात्री वेगळी ठेवावी आणि ती फवारणीच्या साहित्यातच राहू द्यावी.

खटका दाबताच पाते उसळून उघडणारे चाकू शेतकामाला लागत नाहीत आणि तपासणीत पोलिसांना निश्चितच खटकतात. शस्त्र नियमांतील ९ इंच लांबी व २ इंच रुंदीच्या मर्यादेपेक्षा आपले पाते कितीतरी लहान असते आणि शेती व शास्त्रीय उपयोगाची साधने त्या यादीतून वगळलेली आहेत. तरीही प्रवासात चाकू नमुन्यांच्या पेटीत, भिंग व नोंदवहीसोबतच ठेवावा. विमानप्रवासात तो हाताच्या पिशवीत चालत नाही; मोठ्या सामानात द्यावा.