कोणती कादंबरी वाचू? (अवांतर वाचनाचा पाठ)



१५ ऑक्टोबर हा दिवस आपण ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून साजरा करतो. माजी राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा तो जन्मदिवस. २०१५ सालापासून महाराष्ट्रातल्या शाळांत हा दिवस पाळला जातो. त्या दिवशी प्रत्येकाच्या हातात पुस्तक असते. पण दुसऱ्या दिवशी काय होते? पुस्तके कपाटात आणि आपण मैदानात!

मैदानात खेळणे चांगलेच आहे. पण कपाटातल्या पुस्तकांना वर्षातून एकदाच वारा लागावा, हे काही बरे नाही. पुष्कळ मुले म्हणतात, “वाचायला आवडतं, पण कोणतं पुस्तक घ्यावं तेच कळत नाही. जाड पुस्तक बघितलं की भीती वाटते.” अशा मुलांसाठी हा पाठ लिहिला आहे.

१) कादंबरी म्हणजे काय?

गोष्ट लहान असते. एका बैठकीत संपते. कादंबरी म्हणजे लांबलचक गोष्ट. तिच्यात पुष्कळ माणसे असतात, बराच काळ जातो, आणि एका प्रसंगातून दुसरा प्रसंग निघतो. म्हणून ती पाच-सहा दिवस किंवा महिनाभरसुद्धा आपल्या सोबत राहते.

‘कादंबरी’ हा शब्द कुठून आला, ठाऊक आहे? सातव्या शतकात बाणभट्ट नावाचा संस्कृत लेखक होऊन गेला. त्याच्या ग्रंथाचे आणि त्यातल्या नायिकेचे नाव ‘कादंबरी’. त्या एका पुस्तकाचे नाव मराठीत अशा सगळ्याच लांब कथांना मिळाले. आपल्या शेजारच्या कन्नड भाषेतही हाच शब्द चालतो. बाबा पदमनजी यांची १८५७ सालची ‘यमुनापर्यटन’ ही मराठीतली पहिली कादंबरी मानतात.

२) ती वाचून काय मिळते?

घरी कुणी विचारील, “याचे परीक्षेत मार्क मिळतात का?” खरे उत्तर असे, की कादंबरीवर परीक्षेत प्रश्न येत नाही. पण परीक्षेचा प्रत्येक प्रश्न आधी वाचावा लागतो. गणिताचे शाब्दिक उदाहरणसुद्धा वाचल्याशिवाय सुटत नाही. जो अडखळत वाचतो त्याचा निम्मा वेळ वाचण्यातच जातो.

कादंबरीत तीच माणसे, तेच गाव, तेच शब्द पुन्हापुन्हा येतात. पहिली दहा पाने जड जातात. तिसाव्या पानापर्यंत डोळ्यांना सवय होते आणि आपण अक्षरे लावत बसत नाही. पुढे काय झाले ते कळावे म्हणून भराभर वाचतो. असा सराव पाठ्यपुस्तकातल्या दोन पानी धड्याने होत नाही.

दुसरा फायदा असा, की कादंबरी आपल्याला दुसऱ्याच्या जागी उभे करते. आपण कधी धनगरांच्या वाडीत शिकवायला जातो, तर कधी परमुलखातल्या शेतकऱ्याच्या घरी राहतो. जन्मात जे घडणार नाही ते मनात घडते, आणि मग खऱ्या माणसांशीही आपण समजून वागतो.

३) कोणत्या कादंबऱ्या वाचाव्या?

श्यामची आई. हे पुस्तक साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. ९ ते १३ फेब्रुवारी या पाच दिवसांत ते लिहून झाले, आणि १९३५ साली छापले गेले. कोकणातल्या गरीब घरातला श्याम मोठेपणी आपल्या सोबत्यांना आईच्या आठवणी सांगतो. रोज रात्री एक आठवण, म्हणून यात धडे नाहीत, ‘रात्री’ आहेत. अशा ४२ रात्री आहेत. श्याम पोहायला भितो, तर आई त्याला मारून विहिरीवर पाठवते. त्याला पत्रावळ लावता येत नाही, तीही शिकावी लागते. काही मुले म्हणतात, “त्यात रडूच येतं.” येते खरे. पण श्याम हट्टी आणि खोडकर आहे, आपल्यासारखाच. म्हणून वाचताना कंटाळा येत नाही. यावर आचार्य अत्र्यांनी १९५३ साली चित्रपट काढला. त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले.

फास्टर फेणे. रडू नको, धावपळ हवी असेल तर हा घ्या. लेखक भा. रा. भागवत (१९१० ते २००१). पुण्याजवळच्या फुरसुंगी गावचा बनेश फेणे पुण्याच्या शाळेत शिकतो. अंगाने किडकिडीत, पण पायात वारा. सायकल घेतली की निघाला! कुठे चोर सापडतो, कुठे जंगलातले कारस्थान. ‘प्रतापगडावर फास्टर फेणे’, ‘जंगलपटात फास्टर फेणे’ अशी पुष्कळ पुस्तके आहेत. वाक्ये छोटी आणि बोलण्यातली आहेत. ज्याने आजवर एकही कादंबरी वाचली नाही त्याने इथून सुरुवात करावी. दूरदर्शनवर १९८७ साली याची मालिका झाली होती, आणि २०१७ साली चित्रपट आला. पालकांपैकी काहींना ती मालिका आठवत असेल.

गोट्या. लेखक ना. धों. ताम्हनकर. गोट्याला आईबाप नाहीत. परक्या घरी त्याला आसरा मिळतो आणि ते घर हळूहळू त्याचेच होते. पुस्तक जुने आहे, त्यामुळे काही शब्द अडतील. पण गोट्याचा स्वभाव अडत नाही.

बनगरवाडी. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ साली पुस्तकरूपाने आली. ही तर शाळेचीच गोष्ट! माणदेशातल्या धनगरवस्तीवर एक तरुण मास्तर नेमणुकीवर जातो. बघतो तो शाळेत पोरे नाहीत, सगळी मेंढरांमागे रानात. मग कारभाऱ्याच्या मदतीने मास्तर शाळा भरवतो. गावकरी मास्तरांकडे पत्रे लिहून घेतात, तंटे आणतात. सगळा गाव मिळून तालीम बांधतो. आणि मग पाऊस दगा देतो. पुढे काय ते इथे लिहीत नाही. माणदेशी बोली सुरुवातीला वेगळी वाटेल, तेव्हा मोठ्याने वाचा. कानाला लगेच कळते. सहावी-सातवीच्या मुलांनी वाचावी. पालकांनी तर जरूर वाचावी. १९९५ साली अमोल पालेकरांनी हिच्यावर चित्रपट केला.

पाडस. मूळ कादंबरी अमेरिकेतल्या मार्जरी रॉलिंग्ज या लेखिकेची, १९३८ सालची. मराठीत राम पटवर्धनांनी आणली. फ्लोरिडाच्या जंगलात ज्योडी नावाचा एकुलता मुलगा आईवडिलांबरोबर राहतो. वडिलांना साप चावतो. विष उतरवण्यासाठी ते एक हरिणी मारतात. तिचे पोरके पाडस ज्योडी घरी आणतो. दोघांची जिवाभावाची मैत्री होते. पण पाडस मोठे होते आणि शेतातले कोवळे पीक खाऊ लागते. कुंपण उंच केले तरी उडी मारून आत येते. पीक गेले तर घराने खायचे काय? ज्याच्या घरी शेती आहे त्याला हा पेच लगेच समजेल. रानडुकरांनी किंवा हरणांनी पीक खाल्ले की आपल्याकडेही असेच होते. पुस्तक जाड आहे, म्हणून सातवीच्या मुलांनी सुटीत घ्यावे.

चौघीजणी. लुइसा मे अल्कॉट यांची १८६८ सालची कादंबरी, मराठी भाषांतर शांता शेळके यांचे. वडील लढाईवर गेलेले, घरात पैशाची ओढाताण, आणि चार बहिणी. त्यांतली जो धडपडी आहे. तिला लेखिका व्हायचे असते. “हे मुलींचं पुस्तक” म्हणून मुलांनी बाजूला ठेवू नये. घरात बहीण काय सोसते ते कळायला हे चांगले पुस्तक आहे.

ऐंशी दिवसांत जगाची सफर. ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाची कादंबरी, १८७३ साली पुस्तकरूपाने आली. मराठीत निरनिराळ्या नावांनी तिची रूपांतरे मिळतात. फिलियस फॉग हा इंग्रज गृहस्थ वीस हजार पौंडांची पैज लावतो, की ऐंशी दिवसांत पृथ्वीला फेरी मारून लंडनला परत येईन. तो बोटीने मुंबईला उतरतो आणि रेल्वेने कल्याणवरून खानदेशात जातो. म्हणजे आपल्याच मुलखातून! पुढे रूळ संपतात आणि त्याला हत्ती विकत घ्यावा लागतो.

इथे एक गंमत पाहा. व्हर्न कधीच हिंदुस्थानात आला नव्हता. त्याने खानदेशात कापसाबरोबर कॉफी, जायफळ, लवंग आणि मिरी यांचे मळे दाखवले आहेत! कापूस बरोबर, पण खानदेशात लवंगेचे मळे कुठले? तसेच गोष्ट १८७२ सालची, तर मुंबईहून अलाहाबादमार्गे कलकत्त्याची रेल्वे १८७० सालीच जोडली गेली होती. म्हणून कादंबरी वाचताना लक्षात ठेवावे, की तिच्यातले सगळेच खरे नसते. शंका आली की नकाशा काढावा, गुरुजींना विचारावे. असे तपासत वाचले की दुप्पट मजा येते.

४) कादंबरी कशी वाचावी?

(अ) पुस्तक घेताना मधले कोणतेही एक पान वाचून पाहा. एका पानात पाच-सहा शब्द अडले तर चालेल. ओळीओळीला अडले तर ते पुस्तक पुढच्या वर्षासाठी ठेवा, आज सोपे घ्या.

(आ) पहिली तीस पाने तरी वाचा. तोवर गोडी लागली नाही तर पुस्तक परत करा आणि दुसरे घ्या. यात लाज नाही. सगळ्यांना एकच भाजी आवडत नाही.

(इ) रोज ठरलेल्या वेळी वाचा. शेळ्या राखताना, पाण्याची पाळी असताना, चुलीपाशी बसल्यावर, जिथे जमेल तिथे. रोज दहा पाने म्हणजे महिन्याला तीनशे पाने.

(ई) अडलेला शब्द वहीच्या मागच्या पानावर टिपून ठेवा, पण त्यासाठी वाचन थांबवू नका. पुढच्या वाक्यात अर्थ बहुतेक लागतो.

(उ) पुस्तकाला जुन्या वर्तमानपत्राचे कव्हर घाला. पान दुमडू नका, खुणेला दोरा ठेवा. आपल्यामागून दुसऱ्याला वाचायचे आहे.

(ऊ) मित्राला शेवट सांगू नका!

५) पालकांसाठी दोन शब्द

सातवीनंतर आमची शाळा बदलेल. कुणी तालुक्याच्या हायस्कुलात जाईल, कुणी आश्रमशाळेत. कुणाला आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जावे लागते आणि शाळा मध्येच राहते. कुणा मुलीला “आता बस झालं” म्हणून घरी ठेवतात. शाळा सुटली की पाठ्यपुस्तक सुटते आणि काही वर्षांत आलेले वाचनही मागे पडते. पण ज्याला गोष्टीची गोडी लागली तो पुस्तक मागून आणतो, जुन्या कागदावरचेही वाचतो. त्याचे वाचन कायम राहते. त्याला सातबाराचा उतारा, औषधाच्या बाटलीवरची सूचना, बँकेचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागत नाही. म्हणून मुलगा किंवा मुलगी कादंबरी घेऊन बसली, तर “रिकामटेकडेपणा” म्हणू नका. आधी काम सांगा, मग अर्धा तास वाचू द्या. घरात मोबाईल असेल तर तेवढा वेळ तो बाजूला ठेवा.

ज्यांना वाचता येत नाही त्यांनीही मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावे. आजीला गोष्ट ऐकायला मिळते आणि नातवाचे वाचन सुधारते. एका दिव्यात दोन कामे!

पुस्तके विकत घेतलीच पाहिजेत असे नाही. शाळेचे कपाट आहे. शिवाय १९६७ साली महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. त्याखाली मान्यता मिळालेल्या गावोगावच्या वाचनालयांना सरकारी अनुदान मिळते. जवळच्या गावात असे वाचनालय असेल तर मुलांना तिथे घेऊन जावे.

स्वाध्याय (वहीत सोडवा)

१. ‘श्यामची आई’ची रोज एक रात्र वाचली, तर ४२ रात्री किती आठवड्यांत पूर्ण होतील?

२. पृथ्वीचे ३६० अंश आहेत. पूर्वेकडे एक अंश गेले की घड्याळ ४ मिनिटे पुढे करावे लागते. पूर्ण फेरीत किती तास होतात? फिलियस फॉगला याचा काय उपयोग झाला असेल?

३. आपल्या गावी कधीच न आलेल्या माणसाने गावावर कादंबरी लिहिली, तर तो कोणकोणत्या गोष्टी चुकवील? पाच लिहा.

४. ज्योडीच्या जागी तुम्ही असता तर पाडसाचे काय केले असते? आधी उत्तर लिहा, मग पुस्तक वाचा.

५. घरातल्या वडील माणसाला दहा मिनिटे वाचून दाखवा. त्यांनी मध्येच काय विचारले ते लिहून आणा.

कपाटाची किल्ली बाईंकडे आहे. मधल्या सुटीत नाव नोंदवावे आणि पुस्तक न्यावे. आठ दिवसांत वाचून झाले नाही तर पुन्हा नोंद करून घेता येते.