गतिरोधक बसवला, तरी गाड्या सुसाट का?

प्रश्न : आमच्या सोसायटीसमोरच्या रस्त्यावरून शाळेच्या मुलांची ये-जा असते. पुष्कळ अर्जविनंत्या केल्यावर तिथे काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा गतिरोधक बसला. स्कूटरवरून जाताना माझी हाडं खिळखिळी होतात, मोटारवाले मात्र त्यावरून बिनदिक्कत पळतात. हे कसं काय? आणि रस्ता अरुंद केला की अपघात कमी होतात, असं म्हणतात ते खरं का?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : तुमचं निरीक्षण बरोबर आहे. पट्ट्यांचा गतिरोधक रुंदीला फार तर दीड-दोन वीत भरतो. एवढ्या आखूड उंचवट्यावरून मोटार वेगात गेली, की चाक वर उचललं जाऊन खाली येतं. पण मोटारीचा जड सांगाडा तेवढ्या क्षणात हलतच नाही. दणका स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर गिळून टाकतात. त्यामुळे आतल्या माणसाला सावकाश गेल्यावर जास्त गचका बसतो आणि वेगात गेल्यावर कमी! स्कूटरची चाकं लहान, वजन कमी आणि तोलही सांभाळायचा; म्हणून शिक्षा नेमकी तुम्हाला होते.

ब्रिटनच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेत वॉट्स नावाच्या संशोधकाने 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला हेच तपासलं. उंचवटा लांबट आणि गोलाईचा केला, की गणित उलटतं, असं त्यांना आढळलं. सावकाश जाणारा अलगद पार होतो आणि वेगात जाणाऱ्याचा सांगाडाच उचलला जातो. त्यांचा उंचवटा 12 फुटांचा होता. आपल्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शिकेतही हेच माप आहे : रुंदी 3.7 मीटर, मधली उंची 10 सेंटिमीटर आणि वरची गोलाई 17 मीटर त्रिज्येच्या वर्तुळाची. तो ताशी 25 किलोमीटरने आरामात ओलांडता यावा, ही अपेक्षा. म्हणजे गतिरोधक जवळपास छोट्या मोटारीच्या लांबीएवढा रुंद हवा. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी उंची पुरेपूर मिळते, रुंदी मात्र गायब!

आता 25-30 च्याच वेगाचा आग्रह का, ते पाहू. समजा, एक मूल अचानक रस्त्यावर आलं. चालकाचा पाय ब्रेकवर जायला एक सेकंद लागतो असं धरू. ताशी 30 च्या वेगात त्या एका सेकंदात गाडी 8 मीटर पुढे जाते आणि कोरड्या रस्त्यावर आणखी 5 मीटरांत थांबते. एकूण 13 मीटर. ताशी 50 च्या वेगात तोच एक सेकंद 14 मीटर खातो. म्हणजे पहिली गाडी जिथे उभी राहिली, तिथे दुसरीचा ब्रेक अजून लागलेलाही नसतो. ती पूर्ण वेगाने आदळते. देशात 2022 मध्ये रस्ते अपघातांत 1 लाख 68 हजारांहून अधिक माणसं गेली. त्यांतली जवळपास पाचातली एक पायी चालणारी होती.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर : हो, पण अरुंदीकरण योग्य जागी हवं. चालक पाटीवरचा आकडा क्वचितच पाहतो. समोरचा रस्ता जेवढा मोकळा आणि सरळ, तेवढा तो पाय दाबतो. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट शहरात 1960 च्या दशकाच्या अखेरीस वस्तीतल्या रस्त्यांवर झाडं, बाकं आणि फुलांचे वाफे अशा बेताने मांडले, की गाडीला वळणं घेत सावकाशच जावं लागावं. 1976 मध्ये तिथल्या कायद्यानेही अशा रस्त्यांना मान्यता दिली.

पायी चालणाऱ्याचा हिशेब तर आणखी सोपा. 14 मीटर रुंदीचा रस्ता ओलांडायला साधारण 12 सेकंद लागतात. आजी-आजोबांना त्याहून जास्त. चौकात दोन्ही बाजूंचे पदपथ पुढे आणून ते अंतर निम्मं केलं, तर गाड्यांसमोर असण्याचा वेळही निम्मा होतो. कोपऱ्याची गोलाई कमी केली, की डावीकडे वळणाऱ्याला वेग कमी करावाच लागतो. पुणे महापालिकेने 2016 मध्ये रस्त्यांच्या रचनेसाठी स्वतःची मार्गदर्शक तत्त्वे केली. जंगली महाराज रस्त्याचे रुंद पदपथ त्याच सुमाराचे.

‘मग वाहतूक तुंबेल त्याचं काय?’ असं लगेच कोणीतरी विचारतं. शहरात किती गाड्या पुढे सरकतील, हे बहुतेक वेळा चौकातला सिग्नल ठरवतो. दोन सिग्नलांच्या मधला रस्ता ऐसपैस असला, तर पुढच्या लाल दिव्यापाशी लवकर पोहोचता येतं, एवढंच. एक आक्षेप मात्र रास्त आहे : जागोजागी गतिरोधक असले, की रुग्णवाहिका आणि अग्निशामक गाड्यांचा खोळंबा होतो. म्हणून बस आणि रुग्णवाहिकांच्या मुख्य रस्त्यावर अरुंदीकरणावर भर द्यावा आणि गतिरोधक वस्तीतल्या रस्त्यांसाठी ठेवावेत.

तेव्हा क्षेत्रीय कार्यालयात पुन्हा अर्ज कराल, तेव्हा नुसतं ‘गतिरोधक हवा’ असं लिहू नका. 3.7 मीटर रुंदीचा, गोलाईचा, आधी सूचनाफलक असलेला आणि रात्री दिसेल असा रंगवलेला गतिरोधक मागा. एकाने भागत नाही. तो ओलांडला की चालक पुन्हा पाय दाबतो. म्हणून मार्गदर्शिकेप्रमाणे 100 ते 120 मीटरांवर पुढचा मागा. शाळेच्या फाटकासमोर तर झेब्रा क्रॉसिंगच पदपथाच्या पातळीला उचलून घ्या : मुलं सपाट चालत जातील, चढ-उतार गाड्यांच्या वाट्याला येईल. अर्जाची प्रत वाहतूक पोलिसांनाही द्या आणि काम सुरू झालं, की टेप घेऊन रुंदी स्वतः मोजा. डांबर एकदा घट्ट झालं, की दुरुस्तीसाठी पुन्हा वर्षभर खेटे!