देव न मानणारा मनुष्य नीतिमान असूं शकतो काय?

शास्त्रपाठ : मत्तय २१:२८–३२, रोम. २:१४, १५

जो देवाला मानीत नाहीं त्यास कसली नीति, असें आपण खानदेशांतील ख्रिस्ती लोक कधीं कधीं सहज बोलून जातों. प्रिय वाचकहो, हें बोलणें खरें आहे काय?

गोपाळ गणेश आगरकर (१८५६–१८९५) हे अज्ञेयवादी होते. ईश्वराच्या आज्ञेवांचूनही बुद्धि व समाजहित यांच्या आधारें नीति उभी राहते, असें त्यांचें मत होतें. एम. ए. झाल्यावर त्यांनीं मोठ्या पगाराची आशा सोडून अल्प वेतनावर शिक्षकाचें काम पत्करिलें व १८८८ सालीं ‘सुधारक’ पत्र काढून विधवांची बाजू मांडिली. विरोधकांनीं त्यांच्या हयातींतच त्यांची प्रेतयात्रा काढिली, तरी ते ढळले नाहींत. डॉ. नरेंद्र दाभोलकर हेही निरीश्वरवादी होते. अंधश्रद्धेविरुद्ध झटतां झटतां २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत त्यांचा खून झाला. त्याच वर्षीं झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठीं त्यांनीं अनेक वर्षें खटपट केली होती.

अशा मनुष्यांस नीति नव्हती असें म्हणणें ही खोटी साक्ष होय. ज्यांस नियमशास्त्र मिळालें नाहीं त्यांच्याही अंतःकरणांत नियमाचें कार्य लिहिलेलें आहे, असें पौल शिकवितो.

तर मग विश्वासानें अधिक काय होतें? सातपुड्याच्या पायथ्याशीं एखाद्या गरीब बाईस सारा गांव डाकीण ठरवितो असें समजा. तेथें लोकमत हीच नीति मानिली, तर त्या बाईनें दाद कोणाकडे मागावी? आगरकर बुद्धीच्या बळावर लोकमताविरुद्ध उभे राहिले, हें खरें. परंतु आम्हां दुर्बळांस गांवाहून थोर असा न्यायाधीश आहे, आणि चुकलों तर क्षमा करणारा पिताही आहे, या विश्वासानें धैर्य येतें.

पण हाच विश्वास पळवाटही होऊं शकतो. ‘देवाची मर्जी’ म्हणून आपण घरांत बसलों, आणि देव न मानणारा कार्यकर्ता त्या बाईच्या दारीं जाऊन उभा राहिला, तर प्रभूच्या दाखल्यांतील दोन पुत्रांपैकीं आपण कोणते? एकानें ‘नाहीं’ म्हटलें, पण नंतर तो मळ्यांत गेला. दुसऱ्यानें ‘जातों’ म्हटलें, पण गेला नाहीं. बापाची इच्छा कोणीं पाळिली, हें प्रभूनें ऐकणाऱ्यांकडूनच वदविलें.

म्हणून उपदेशकबंधूंनो, देव न मानणाऱ्याची नीति मोजण्यापूर्वीं आपण आपल्या मंडळीस विचारावें : आपल्या गांवांत निराधार मनुष्यावर आळ आला, तेव्हां आपल्यापैकीं कोण त्याच्या दारीं गेला?