मनाचा आजार आणि घरची वाट



संत मार्कच्या शुभवर्तमानातील पाचवा अध्याय आपण अनेकदा ऐकला आहे. गरसेकरांच्या प्रदेशातील एक माणूस थडग्यांमध्ये राहत असे, रात्रंदिवस ओरडत असे, दगडांनी स्वतःला ठेचून घेत असे. गावाने त्याला साखळदंडांनी बांधून पाहिले. प्रभू येशूने त्याला नाव विचारले, मुक्त केले आणि तो प्रभूबरोबर निघाला तेव्हा त्याला स्वतःच्या घरी पाठवले. तो आपल्या माणसांत परत जावा, हीच प्रभूची इच्छा होती.

आता एक कबुली. काही वर्षांपूर्वी एक आई आपल्या तरुण मुलाला घेऊन माझ्याकडे आली. त्याला झोप नव्हती, कानात आवाज येत होते. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि त्यांना घरी पाठवले. प्रार्थना करण्यात चूक नव्हती. डॉक्टरकडे जा, असे मी सांगितले नाही, ही माझी चूक. त्या मुलाची उपचाराविना अनेक महिने परवड झाली. म्हणून आज हा धडा, आधी माझ्यासाठी आणि मग तुमच्यासाठी.

१. आजाराला आजार म्हणा. ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ (क्र. १६७३) स्पष्ट सांगतो की मानसिक आजार ही भूतबाधेहून अगदी वेगळी बाब आहे आणि त्यावर उपचार करणे हे वैद्यकशास्त्राचे काम आहे. ताप आला की आपण गोळी घेतो आणि प्रार्थनाही करतो. मनाच्या आजारातही तसेच करावे.

२. बांधू नका, मारू नका, डाग देऊ नका. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोराने किंवा साखळीने बांधणे व मारहाण करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता, असे हाच कायदा धरून चालतो आणि त्याच्यावर उपचार व्हावेत असे सांगतो. आपला धर्मशिक्षणग्रंथही (क्र. २२८२) म्हणतो की गंभीर मानसिक त्रासामुळे अशा माणसाची जबाबदारी कमी होते. तेव्हा अशा घराला नावे ठेवू नका. त्या घरी जाऊन बसा.

३. घरापर्यंत सोबत करा. डॉ. भरत वाटवानी आणि त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता यांना मुंबईत एक तरुण नारळाच्या करवंटीने गटारातील पाणी पिताना दिसला. त्यांनी त्याला नेऊन उपचार केले. तो सुशिक्षित निघाला, आंध्र प्रदेशात त्याचे घर होते. यातूनच १९८८ मध्ये श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन ही संस्था उभी राहिली. आज तिचे केंद्र कर्जत येथे आहे. रस्त्यावरील मनोरुग्ण बरा होऊ लागला की संस्थेचे समाजसेवक त्याच्याबरोबर रेल्वेने, बसने त्याच्या गावी जातात आणि घरच्यांना आजार व औषधे समजावून सांगतात. या कार्यासाठी डॉ. वाटवानी यांना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डॉक्टर औषध लिहून देतो. पण रुग्ण घरात पुन्हा सामावला जावा, यासाठी कोणीतरी सोबत चालावे लागते. समाजसेवा म्हणतात ती हीच.

आपल्याकडेही हे काम आहे. कितीतरी कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात आणि तिथे औषध सुटते. बरे वाटले म्हणून स्वतःहून गोळ्या बंद केल्या की आजार उलटतो. निघण्यापूर्वी डॉक्टरांना सांगून पुढच्या महिन्यांची सोय करा, चिठ्ठी सोबत ठेवा. नंदुरबारच्या सरकारी रुग्णालयात एकट्याने जायला भीती वाटत असेल तर शेजाऱ्याने सोबत जावे. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते. ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे.

४. सेवा करणाऱ्यालाही विसावा द्या. आशाताई, अंगणवाडी सेविका, आपल्या सिस्टर्स, कॅटेकिस्ट आणि रुग्णाची रात्ररात्र जागणारी आई दुसऱ्यांचे दुःख रोज ऐकतात. ते ओझे त्यांच्या मनावरही बसते. एलिया संदेष्टा थकून मरण मागू लागला, तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. आधी झोप दिली, भाकर आणि पाणी दिले. तेराव्या शतकातील थोर तत्त्वज्ञ संत थॉमस अक्वायनस यांनीही दुःखावरील उपायांत रडणे, मित्रांची सहानुभूती, झोप आणि स्नान यांचा समावेश केला आहे. थकणे हे पाप नाही. तेव्हा आठवड्यातून एक दिवस त्या आईच्या घरी जाऊन तुम्ही बसा, तिला झोपू द्या.

कुटुंबात व समूहात चर्चेसाठी :

१) आपल्या पाड्यावर कोणत्या घरी आपण जाणे टाळतो? का?

२) या आठवड्यात आपल्यापैकी कोण कोणासोबत दवाखान्यात जाईल?

३) आपल्यात सेवा करून थकलेले कोण आहे? त्यांचा भार कसा वाटून घेता येईल?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मनात ठेवून आजच्या मिस्सामध्ये त्या घरासाठी प्रार्थना करा. आणि मिस्सा संपल्यावर त्या घराकडे चालू लागा.

आपले,
फादर