टॅपेटच्या झाकणाचं पॅकिंग

माझी एमजीबी १९७२ सालची, कॉव्हेंट्रीत घरासमोर उभी असते. तीन वर्षांपूर्वी तिच्याखाली तेलाचे डाग दिसू लागले. सिग्नलला थांबलं की जळक्या तेलाचा वास यायचा. गॅरेजवाल्याने खालून टॉर्च मारली, बेलहाउसिंग तेलाने माखलेलं पाहिलं आणि सांगून टाकलं: क्रँकचं मागचं सील गेलंय, इंजिन उतरवावं लागेल.

त्या रात्री मिरजेला काकांना फोन केला. काकांनी बावीस वर्षं अँबेसिडर टॅक्सी चालवली. त्यांच्या पेट्रोल गाडीचं १४८९ सीसीचं इंजिन आणि माझं १७९८ सीसीचं, दोन्ही बीएमसी या ब्रिटिश मोटार कंपनीच्या ‘बी-सिरीज’मधली. त्यांनी एवढंच विचारलं, “टॅपेटची झाकणं बघितलीस का रे?”

या इंजिनाच्या डाव्या अंगाला, मॅनिफोल्डच्या आड पत्र्याची दोन झाकणं असतात. मागचं झाकण गळलं की तेल ब्लॉकवरून ओघळत बेलहाउसिंगपर्यंत जातं आणि सील गेल्यासारखंच दिसतं. मी इंजिन धुऊन वाळवलं, त्या बाजूला टाल्कम पावडर मारली आणि पंधरा मिनिटं गाडी फिरवून आणली. छोट्या आरशात तेलाची रेघ झाकणाच्या कडेपासूनच सुरू झालेली दिसली.

इथवर बरोबर होतं. चूक पुढे झाली. दोन्ही एसयू कार्ब्युरेटर, उष्णतारोधक पत्रा आणि मॅनिफोल्ड काढण्यात अख्खा शनिवार गेला. जुनं बुचाचं पॅकिंग खरवडून नवं बसवलं आणि पुन्हा गळू नये म्हणून बोल्ट जोर लावून आवळला. प्रत्येक झाकणाला मधोमध एकच बोल्ट असतो. मध्य दाबला गेला तसा पत्रा वाकला, कडा उचलल्या आणि बूच बाहेर सटकलं. गळती दुप्पट झाली.

“ते आवळायचं नसतं, बसवायचं असतं,” काका म्हणाले. दुसऱ्या खेपेला त्यांच्या सांगण्याप्रमाणे केलं, आणि तुम्हीही तसंच करा. झाकण काचेवर ठेवून बघा. डुगडुगलं तर लाकडावर ठेवून कडा हलक्या हाताने ठोकून सपाट करा. पॅकिंग झाकणालाच चिकटवा आणि वजन ठेवून रात्रभर सुकू द्या, म्हणजे चाचपडत बसवताना ते घसरणार नाही. सिलिकॉन थापू नका, सुटलेला तुकडा आत पडला तर थेट संपमधल्या तेलाच्या जाळीपर्यंत जातो. बोल्टखालचा वायसरही नवा घाला, तिथूनही तेल झिरपतं. मग टॉर्क पाना: साध्या झाकणाला २ पाउंड-फूट, खोल दाबलेल्या झाकणाला ५. हाताला हे फारच सैल वाटतं. तरी तिथेच थांबा. मॅनिफोल्डच्या नटांनाही १५ पुरे.

या सगळ्याआधी बॅटरी सोडवा. माझ्या गाडीत सहा व्होल्टच्या दोन आहेत, सीटच्या मागे. कार्ब्युरेटर काढताना पेट्रोल सांडतंच, आणि एका ठिणगीने गाडी जाऊ शकते, माणूसही.

गळती मुळात का झाली, हे मला सगळ्यात शेवटी कळलं. पुढच्या झाकणावर ब्रीदरचा डबा असतो आणि त्यातून क्रँककेसमधली वाफ नळीने कार्ब्युरेटरकडे जाते. माझ्या डब्यातली जाळी काजळीने पूर्ण बुजली होती. वाट बंद झाल्यामुळे आतला दाब वाढायचा आणि जिथे पॅकिंग कच्चं तिथून तेल ढकलायचा. जाळी साफ केली नसती तर दुसरं पॅकिंगही टिकलं नसतं. मॅनिफोल्ड उतरवलेलंच असतं तेव्हा या कामाला अर्धा तासही लागत नाही.

बी-सिरीज इंजिन असलेल्या कोणालाही माझी विनंती आहे: कोणी इंजिन उतरवायला सांगितलं, तर होकार देण्याआधी एक सकाळ पावडर, आरसा आणि टॉर्च यांना द्या.